प्राचीन काळी महाकाय माणसं होती का? शोध घेताना या चुका टाळा

मातीत खणलेला भलामोठा खड्डा, त्यात पडलेला मानवी सांगाडा, आणि त्याच्या कवटीशेजारी काम करणारी माणसं जेमतेम बाहुल्यांएवढी. हा फोटो कधी ना कधी तुमच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. कुठे त्याखाली घटोत्कचाचं नाव असतं, कुठे अरबस्तानातल्या आद लोकांचं, कुठे बायबलमधल्या नेफिलीमांचं. सांगाडा एकच, पूर्वज मात्र पाठवणाऱ्यागणिक बदलतात.

फोटो खोटा आहे. पण त्यामागचा प्रश्न टाकाऊ नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. ग्रीकांनी हा प्रश्न विचारला, मेक्सिकोतल्या लोकांनी विचारला, सतराव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या विद्वानानेही विचारला. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातात खरीखुरी प्रचंड हाडं होती. घोळ झाला तो हाडापासून निष्कर्षापर्यंतच्या वाटेत. तीच वाट आज आपण मोबाइल हातात घेऊन चालतो आणि त्याच खड्ड्यांत पडतो. ते खड्डे कुठे आहेत ते सांगतो.

फोटोपासून सुरुवात करणं

वरच्या फोटोची कुळकथा पूर्ण माहीत आहे. २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी एका मॅस्टोडॉनचं, म्हणजे हत्तीच्या नात्यातल्या नामशेष प्राण्याचं, उत्खनन केलं. त्या जागेच्या फोटोत एका कलाकाराने मानवी सांगाडा बेमालूम बसवला. २००२ मध्ये वर्थ१००० या संकेतस्थळावर छायाचित्रांत फेरफार करण्याची एक स्पर्धा होती, तिच्यासाठी. त्याने कुणाला फसवलं नव्हतं, स्पर्धेचा विषयच तसा होता. फसवणूक सुरू झाली ती फोटो स्पर्धेतून बाहेर पडून त्याला गोष्ट चिकटल्यावर. पुढे काही छापील नियतकालिकांनीही तो बातमी म्हणून वापरला.

असा फोटो आला की आधी सांगाडा पाहू नका, ठावठिकाणा पाहा. गावाचं नाव आहे का? कुणी खणलं, कोणत्या साली, हाडं सध्या कुठल्या संस्थेत आहेत? खऱ्या उत्खननात या चार गोष्टी नसतील असं होतच नाही. ‘उत्तरेकडच्या वाळवंटात’, ‘लष्कराने परिसर ताब्यात घेतला’ अशी वाक्यं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. मग तोच फोटो सर्च इंजिनमध्ये उलटा शोधा. पाच मिनिटांत मूळ चित्र सापडण्याची शक्यता बरीच असते.

मोठं हाड दिसलं की ते माणसाचंच धरणं

ही चूक सर्वांत जुनी. मला विचाराल तर सर्वांत समजण्यासारखीही हीच.

हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने एक हकिकत दिली आहे. स्पार्टाच्या लोकांना देववाणीने सांगितलं की ओरेस्टीस या वीराच्या अस्थी घेऊन आलात तर टेजिया या शत्रूनगरावर विजय मिळेल. टेजियात एक लोहार विहीर खणत होता, त्याला सात हात लांबीची शवपेटी लागली. इतकी मोठी माणसं कधी होती यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने ती उघडली, तर आतला देहही तेवढाच लांब. सात हात म्हणजे तीन मीटरच्या वर. ग्रीसच्या त्या भागात हिमयुगातल्या हत्तींची हाडं सापडतात, त्यामुळे लोहाराला काय लागलं असावं याचा अंदाज आज बांधता येतो.

१५१९ मध्ये कोर्तेस या स्पॅनिश सेनानीबरोबर मेक्सिकोत गेलेल्या बेर्नाल दियाझ या सैनिकाने लिहून ठेवलंय की तिथल्या त्लाश्कालाच्या लोकांनी आपल्या भूमीवर पूर्वी महाकाय माणसं राहत होती असं सांगितलं आणि पुरावा म्हणून मांडीचं एक हाड आणून दाखवलं. दियाझ त्या हाडाशेजारी उभा राहिला, तर ते त्याच्याच उंचीचं भरलं. आता तुम्ही स्वतः खुर्चीवर बसा आणि कंबरेच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवा. तुमचं मांडीचं हाड साधारण ४५ सेंटिमीटर असेल, उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. समोर पुरुषभर उंचीचं मांडीचं हाड ठेवलं आणि तुम्ही आयुष्यात हत्ती पाहिलेलाच नसेल, तर तुम्ही काय म्हणाल?

हत्तीचा सांगाडा माणसाचा वाटण्याला कारणं आहेत. हाडं विखुरलेली असतात, कवटी पोकळ आणि ठिसूळ म्हणून बहुतेकदा फुटून गेलेली असते, सुळे गळून पडलेले असतात. हाती उरतात ती लांब, सरळ पायांची हाडं, आणि मांडीच्या हाडाला वर तसाच गोल गोळा, जसा आपल्या हाडाला असतो. कवटी शाबूत मिळाली तर गोंधळ आणखी वाढतो. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी कपाळाच्या मधोमध एक मोठं भोक असतं. खरे डोळ्यांचे खळगे बाजूला, नजरेत न भरणारे. सिसिलीतल्या गुहांमध्ये सापडणाऱ्या बुटक्या हत्तींच्या कवट्यांवरून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाची, सायक्लॉप्सची, कथा रुजली असावी, असं ओथेनियो आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये सुचवलं. ते सिद्ध करता येणार नाही, पण अशी कवटी समोरून एकदा पाहिली की ती कल्पना डोक्यातून जात नाही.

युरोपातली उदाहरणं तर ओळीने सांगता येतील. १६१३ मध्ये फ्रान्सच्या दोफिने भागात वाळूच्या खाणीत प्रचंड हाडं निघाली. एका शल्यविशारदाने ती रोमन सेनापती मारियसने हरवलेल्या ट्यूटोबोकस राजाची म्हणून पॅरिसपर्यंत पैसे घेऊन दाखवली. तीस फूट लांब कबर आणि तिच्यावर राजाचं नाव, असंही सांगितलं. रिओलां या शरीरशास्त्रज्ञाने तेव्हाच हरकत घेतली आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं. ती हाडं डायनोथेरियम या हत्तीच्या दूरच्या नातलगाची होती.

१६७७ मध्ये रॉबर्ट प्लॉट यांनी ऑक्सफर्डशायरच्या निसर्गावरच्या ग्रंथात एका मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं चित्र छापलं. त्यांनी आधी विचार केला की रोमनांनी आणलेल्या हत्तीचं असेल. मग खऱ्या हत्तीच्या हाडाशी ताडून पाहिलं, जुळलं नाही. मग उरला महाकाय माणूस. ते हाड आज हरवलंय, पण चित्रावरून तज्ज्ञ ते डायनासोरचं, बहुधा मेगॅलोसॉरसचं मानतात. प्लॉट यांची पद्धत बरोबर होती हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तुलना केली, एक शक्यता खोडली. फक्त त्यांच्या यादीत डायनासोर नव्हता, कारण तो कुणाच्याच यादीत नव्हता. ‘हत्तीचं नाही, म्हणजे माणसाचं’ ही उडी आजही तितकीच चुकीची आहे.

तपासायचं काय, तर हाडाची लांबी नव्हे, ठेवण. दोन पायांवर चालणाऱ्या माणसाचं मांडीचं हाड कमरेकडून गुडघ्याकडे आत कललेलं असतं, त्याच्या मानेला स्पष्ट कोन असतो आणि मागच्या बाजूला उभी खरखरीत कड असते, जिला मांडीचे स्नायू चिकटतात. हत्तीचं हाड खांबासारखं उभं आणि पुढून-मागून चपटलेलं. फोटो बऱ्यापैकी स्पष्ट असेल तर एवढं ओळखता येतं.

खड्ड्यात टेप लावून उंची काढणं

जुन्या वर्तमानपत्रांत ‘सात फुटी सांगाडा सापडला’ अशा बातम्या पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्याच बनावट नाहीत. खूपदा कुणीतरी प्रामाणिकपणे कवटीच्या माथ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत टेप धरली आणि आकडा लिहिला.

आता त्या खड्ड्यात काय होतं ते बघा. देह कुजला की सांधे सुटतात, मातीच्या दाबाने हाडं एकमेकांपासून सरकतात. पावलं पुढे कलंडतात, म्हणजे टाचेऐवजी बोटांच्या टोकापर्यंत माप जातं. मणक्यांमध्ये माती शिरते. पाच फूट दहा इंचांचा माणूस मातीत सहज सव्वासहा फुटांचा होतो, आणि गावभर बातमी जाईपर्यंत सात फुटांचा.

जाणकार असं मोजत नाहीत. एक लांब हाड घेतात, ते हाडं मोजायच्या फळीवर ठेवतात आणि सूत्र लावतात. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर यांनी १९५२ मध्ये दिलेलं एक सूत्र प्रसिद्ध आहे: गोऱ्या पुरुषांसाठी मांडीच्या हाडाची लांबी गुणिले २.३८ अधिक ६१.४१, उत्तर सेंटिमीटरमध्ये. ४५ सेंटिमीटरच्या हाडाला साधारण १६८.५ येतात, ५० ला साधारण १८०. वेगळ्या लोकसमूहांना आणि स्त्रियांना वेगळी सूत्रं लागतात, आणि प्रत्येकात तीन-चार सेंटिमीटरची चूक धरावीच लागते. म्हणून कुणी सांगाड्याची उंची सांगितली की पहिला प्रश्न एकच: मांडीचं हाड किती भरलं? त्याचं उत्तर नसेल तर उंचीचा आकडा बाजूला ठेवा.

माणूस नुसता ताणून मोठा करणं

चित्रात माणूस पाचपट मोठा करणं सोपं असतं. शरीरात तसं होत नाही, आणि हे गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिलं. हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदावर ठरते, म्हणजे उंची दुप्पट केली तर ताकद चौपट. वजन मात्र घनफळावर ठरतं, म्हणजे आठपट. दर वेळी वजन ताकदीच्या पुढे पळतं.

हिशोब करूनच पाहू. १८० सेंटिमीटर उंच, ८० किलो वजनाचा माणूस घ्या. त्याच प्रमाणात त्याला तिप्पट केला, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर. वजन सत्तावीसपट, २१६० किलो. हाडांचा छेद फक्त नऊपट. प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर तिप्पट भार. दहा मीटरचा केला तर वजन तेरा टनांच्या पुढे जातं, मोठ्या हत्तीच्या दुपटीहून जास्त, आणि तेही दोन पायांवर. हत्तीचे पाय खांबासारखे जाड आणि सरळ असतात ते याच कारणाने. त्यामुळे दहा मीटरचा प्राणी मानवी बांध्याचा राहूच शकत नाही. फोटोतला सांगाडा तुमच्या-माझ्यासारख्याच प्रमाणाचा दिसतो, यातच तो खोटा ठरतो.

माणसाची खरी मर्यादा कुठे आहे हे एका तरुणाच्या आयुष्यावरून कळतं. रॉबर्ट वॅडलो, १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जन्मला. नोंदींनी पक्का ठरलेला आजवरचा सर्वांत उंच माणूस, २७२ सेंटिमीटर. वजन १९९ किलोपर्यंत गेलं होतं. त्याला चालायला पायात धातूचे आधार लागत, पावलांत संवेदना कमी होती. १९४० मध्ये त्या आधाराने घासून घोट्याला फोड आला, तो चिघळला, आणि बाविसाव्या वर्षी तो गेला. नऊ फुटांना एक इंच कमी, तरी शरीर इतकं टेकीला आलं होतं. दहा मीटरच्या योद्ध्याची कल्पना करताना हा मुलगा डोळ्यांसमोर ठेवावा असं मला वाटतं.

एका उंच माणसावरून अख्खी जमात उभी करणं

अतिशय उंच प्राचीन माणसं होती का? होती. १९९१ मध्ये रोमजवळच्या फिदेने इथल्या दफनभूमीत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक सांगाडा सापडला, त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उंची सुमारे २०२ सेंटिमीटर, वय सोळा ते वीसच्या दरम्यान. त्या काळचा रोमन पुरुष सरासरी १६७ सेंटिमीटरच्या आसपास. कवटीत पीयूषिका ग्रंथीच्या जागी बिघाडाच्या खुणा होत्या, आणि हाडांची वाढीची टोकं या वयातही जुळून आलेली नव्हती. म्हणजे तो अजून वाढतच होता. त्याच्यासाठी कबर नेहमीपेक्षा लांब खणलेली होती.

पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी. तिच्यात गाठ झाली आणि वाढीचं संप्रेरक जास्त सुटू लागलं, तर वयात येण्याआधी हाडं वाढतच राहतात. हा आजार आहे, वंश नव्हे. सांधे दुखतात, हृदय थकतं, दृष्टी जाऊ शकते.

पण इथे एक खरोखर विलक्षण गोष्ट आहे. चार्ल्स बर्न हा आयरिश तरुण अठराव्या शतकात लंडनला ‘आयरिश जायंट’ म्हणून प्रसिद्ध होता. जाहिरातीत त्याची उंची आठ फुटांच्या वर सांगत. सांगाडा मोजला तर २३१ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सात फूट सात इंच. तोही १७८३ मध्ये बाविसाव्या वर्षीच गेला. आपला देह समुद्रात सोडावा अशी त्याची इच्छा होती, तरी शल्यविशारद जॉन हंटरने तो मिळवला आणि सांगाडा दोन शतकं संग्रहालयात उभा राहिला. २०२३ मध्ये तो प्रदर्शनातून काढला गेला. १९०९ मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी त्याची कवटी तपासली तेव्हा पीयूषिकेची खोबण मोठी झालेली दिसली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये एआयपी जनुकातला एक बदल मिळाला, आणि तोच बदल उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांत आढळला. संशोधकांच्या अंदाजाने त्यांचा समान पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे एखाद्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या अधूनमधून अतिउंच माणसं जन्मली आणि त्यांच्या कथा उरल्या, हे शक्य आहे. महाकायांच्या जमातीपेक्षा ही शक्यता मला कितीतरी जवळची वाटते.

जमातींबद्दल बोलायचं तर जीवाश्मांनी उलटंच दाखवलंय. १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेली ल्यूसी ही आदिमानवी मादी साडेतीन फुटांपेक्षा फारशी उंच नव्हती. निअँडरथल पुरुष सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये मिळालेली मानवजात तर एक मीटरच्या जरा वर. ‘पूर्वीची माणसं धिप्पाड, आताची खुजी’ हे सरसकट खरं नाही. दक्षिण कोरियातल्या स्त्रिया गेल्या शंभर वर्षांत सरासरी वीस सेंटिमीटरनी उंच झाल्या, अन्न आणि आरोग्य सुधारलं म्हणून.

ग्रंथातला आकडा मोजपट्टीसारखा वाचणं

दाविदाने मारलेल्या गल्याथ या योद्ध्याची उंची सहा हात आणि एक वीत, हे बायबलच्या रूढ हिब्रू पाठात आहे. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर तीन मीटरला थोडे कमी. पण मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत मिळालेल्या, त्या पाठाच्या हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षं जुन्या प्रतीत चार हात आणि एक वीत लिहिलंय. जुन्या ग्रीक भाषांतरातही तेच. म्हणजे २०२ सेंटिमीटर, फिदेनेच्या मुलाएवढा. गल्याथ उंच होता, पण महाकाय झाला तो कदाचित नकला करणाऱ्यांच्या हातून. म्हणून आकडा सांगण्याआधी कोणत्या प्रतीत तो आहे, हे विचारायला हवं.

मग एकक. साधा हात आणि इजिप्तचा राजहात यांत सात सेंटिमीटरचा फरक आहे, आणि साठ हातांवर तो चार मीटरच्या वर जातो. नेपोलियन बुटका होता ही समजूत अशाच घोळातून पसरली. त्याचे पाच फूट दोन इंच फ्रेंच मापाचे होते, इंग्रजी मापाने ते साडेपाच फुटांच्या वर भरतात.

आणि बोलणारा कोण, तेही पाहायचं. ‘त्यांच्यापुढे आम्ही टोळांसारखे दिसत होतो’ हे बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकात घाबरून परतलेले हेर म्हणतात. ती भीतीची भाषा आहे.

आपल्या ग्रंथांनाही हेच लागू. घटोत्कचाचा सांगाडा सापडला म्हणणाऱ्याने द्रोणपर्व नीट वाचलेलं नसतं. तिथे घटोत्कच मायावी आहे, हवा तसा देह धारण करणारा. कर्णाची शक्ती लागल्यावर तो मरता मरता देह फुगवतो आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळतो, म्हणजे मरणानेही पांडवांच्या उपयोगी पडतो. त्या प्रसंगाची सारी ताकद त्या शेवटच्या निर्णयात आहे. त्याला चाळीस फुटी हाडांचा माणूस केलं की महाभारतकाराने केलेलं काम आपणच पुसून टाकतो. विष्णुपुराणात रेवती आधीच्या युगातून आल्यामुळे फार उंच असते आणि बलराम नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या मापात आणतो. ही काळाबद्दलची कल्पना आहे, फार सुंदर. तिला उत्खननाची गरज नाही.

डोळ्यांनी पाहिलं, पेपरात आलं, म्हणजे झालं

मॅगेलन या दर्यावर्दीबरोबर १५२० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाला, पोचलेल्या पिगाफेटाने लिहिलं की आमच्यातला सर्वांत उंच माणूस तिथल्या माणसाच्या कमरेपर्यंत येत होता. अडीचशे वर्षं युरोपने हे धरून ठेवलं. मग १७६६ च्या सुमारास निघालेल्या वॉलिस या कप्तानाने सोबत मोजकाठी नेली. सर्वांत उंच माणूस सहा फूट सात इंच, बहुतेक जण पाच फूट दहा इंच ते सहा फूट. तिथले तेवेल्चे लोक खरंच उंच होते, आणि ग्वानाको या उंटाच्या कुळातल्या प्राण्याच्या कातड्याच्या जाड घोंगड्यात आणखी भारदस्त दिसत असणार. थकलेल्या, अर्धपोटी खलाशांनी पाहिलं ते त्यांना तसंच दिसलं असेल. काठीने मात्र आकडा दिला.

अमेरिकेत १८६९ मध्ये कार्डिफ गावी विहीर खणताना दहा फुटी ‘दगड झालेला माणूस’ निघाला. लोक तिकीट काढून रांगेने आले. पुराजीवशास्त्रज्ञ ओथनील मार्श यांनी पाहताक्षणी सांगितलं की हे जिप्सम आहे, ओल्या मातीत ते विरघळतं, आणि यावर तर हत्याराच्या ताज्या खुणा आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात जॉर्ज हलने कबुली दिली: आयोवातून दगड आणून शिकागोत पुतळा घडवला, आणि नातलगाच्या शेतात वर्षभर आधी पुरून ठेवला.

प्रचंड दगड म्हणजे प्रचंड हात

मायसीनी या प्राचीन ग्रीक नगराच्या भिंती सायक्लॉप्सनी रचल्या असं ग्रीक म्हणत. माल्टातल्या गोझो बेटावरच्या मंदिराचं नावच जगंतिया, महाकाय स्त्रीचं. बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेली की हे होतंच.

पण इजिप्तमध्ये देर अल-बर्शा इथे जेहुतीहोतेपच्या थडग्यातलं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं चित्र पाहा. एक अवाढव्य बसलेला पुतळा लाकडी घसरगाडीवर. त्याला दोर बांधून चार रांगांत माणसं ओढतायत, आणि पुतळ्याच्या पायाशी एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. अॅमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की योग्य प्रमाणात ओल दिली तर वाळूवर ओढायला निम्मीच ताकद लागते. ते पाणी ओतणारा माणूस मला फार आवडतो. ईस्टर बेटावरचे पुतळे उभेच्या उभे डोलवत नेता येतात, हे २०१२ च्या प्रयोगात अठरा माणसांनी सव्वाचार टनांहून जास्त वजनाच्या प्रतिकृतीवर करून दाखवलं.

चित्रात राजा सैनिकांच्या दुप्पट उंच असतो, तेही उंचीचं माप नाही, मानाचं आहे. इजिप्तमधल्या अबू सिंबेलला रामसेस दुसरा या राजाचे पुतळे वीस मीटरचे. त्याची ममी आपल्याजवळ आहे, साधारण १७० सेंटिमीटर.

ठसे, कुऱ्हाडी आणि एक खरा महाकाय वानर

दक्षिण आफ्रिकेत मपुलुझीजवळ ग्रॅनाइटच्या उभ्या कातळात १.२ मीटरचं ‘पाऊल’ दाखवतात. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर वितळलेल्या खडकातून गोठतो. तो कधी मऊ चिखल नव्हताच, त्यात पाऊल उमटणार कसं? ती झीज आहे. टेक्सासच्या पॅलक्सी नदीतले ‘मानवी’ ठसे टाचेवर भार देऊन चाललेल्या डायनासोरचे, बोटांच्या खुणा चिखलाने बुजलेले. काही तर १९३० च्या दशकात कोरून विकलेले. इंग्लंडमध्ये केंट इथे मिळालेली तीन लाख वर्षांपूर्वीची दगडी हातकुऱ्हाड २९.६ सेंटिमीटरची आहे, पण मोठं हत्यार मोठ्या हाताचंच असतं असं नाही.

जायगँटोपिथेकस मात्र खरा. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या औषधी दुकानात त्याची दाढ मिळाली. अंदाजे तीन मीटर उंच. आजवर हाती आलंय ते काही जबडे आणि हजारो दात, बाकी सांगाडा नाही, म्हणून उंची अंदाजानेच. २०१९ मध्ये दातांतल्या प्रथिनांनी त्याला ओरांगउटानचा नातलग ठरवलं. तो आपला पूर्वज नव्हता.

‘संग्रहालयांनी दडवून ठेवलं’ असं म्हणून मोकळं होणं

स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेने हजारो महाकाय सांगाडे नष्ट केले आणि न्यायालयाने ते उघड केलं, ही २०१४ ची ‘बातमी’ बनावट मजकूर छापणाऱ्या संकेतस्थळाने रचली होती. बर्नचा सांगाडा दोनशे वर्षं लोकांपुढे होता, आणि तोही त्याच्या इच्छेविरुद्ध. संग्रहालयांचा दोष दाखवायचा तर हा दाखवा.

आणि उलट टोकाची चूक: जुन्या लोकांना अडाणी समजणं

१७०५ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यात क्लेव्हरॅक इथे मुठीहून मोठी एक दाढ मिळाली. गव्हर्नरने ती लंडनच्या रॉयल सोसायटीकडे ‘महाकायाचा दात’ म्हणून पाठवली, आणि कॉटन मेदरसारख्या विद्वान धर्मगुरूला तीत प्रलयात बुडालेल्या महाकायांचा पुरावा दिसला. ती मॅस्टोडॉनची होती.

त्यानंतर वीसेक वर्षांनी कॅरोलिनात स्टोनो इथे जमिनीतून अशाच मोठ्या दाढा निघाल्या. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं होती. त्यांनी त्या दाढा पाहिल्या आणि एकमुखाने सांगितलं की या हत्तीच्या आहेत. मार्क केट्सबी या निसर्गअभ्यासकाने ते लिहून ठेवलं. कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये हत्तींच्या नामशेष जातींवरचा निबंध वाचला तो १७९६ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. स्टोनोच्या त्या माणसांनी हत्ती आपल्या देशात पाहिले होते. त्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.